घरोघरीची यंत्रे : जुन्या मोटारीला नवा लगाम

बारामतीहून एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. पत्र लांबलचक असून त्यातील कौटुंबिक मजकूर वगळून मुख्य प्रश्न तेवढा त्यांच्या अनुमतीने येथे देत आहो. कारण तो प्रश्न एकट्या त्यांच्याच घरचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

ते लिहितात : "आमचे कुटुंब एकत्र आहे. वडिलांनी घेतलेली जुनी फियाट मोटार, जिला त्या काळी मुंबईकर थट्टेने 'डुक्कर फियाट' म्हणत, ती आमच्या दारात अद्याप चालू स्थितीत आहे. माझे थोरले बंधू आप्पा ह्यांना चौऱ्याहत्तरावे वर्ष चालू आहे. आठवड्यातून एकदा ते स्वतः ती गाडी हाकीत इंदापूरकडील मळ्यावर जातात. अलीकडे त्यांचा उजवा गुडघा दुखतो. अ‍ॅक्सिलरेटरवर पाऊल एकाच ठिकाणी धरून ठेवावे लागले की परत येताच पाय शेकीत बसावे लागते. माझ्या चिरंजीवांचे शिक्षण यंत्रशास्त्राचे झाले आहे. त्याचे म्हणणे असे की, नव्या मोटारीत असते तसे 'क्रूझ कंट्रोल' जुन्या गाडीत बसवून देता येईल. मग काकांना पाय दाबून धरण्याची गरज उरणार नाही. वहिनींचा ह्यास ठाम विरोध आहे. त्या म्हणतात, 'पाय मोकळा झाला की मनही मोकळे सुटते; मला ते यंत्र नको.' आप्पा काहीच बोलत नाहीत. तरी आपण निर्णय द्यावा."

निर्णय देण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु हे यंत्र काय करते, काय करीत नाही, आणि साठ-सत्तर वर्षांच्या मोटारीत ते घालू गेल्यास काय काय पाहावे लागते, हे सांगणे ह्या सदराचे काम आहे. ते यथामति करतो.

क्रूझ कंट्रोलला आपण 'गतिधारक' म्हणू. पुष्कळांची समजूत अशी असते की गतिधारक म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आहे त्या जागी अडकवून ठेवणारी खुंटी. तशी खुंटी जुन्या काळच्या अनेक मोटारींत होतीच. फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीत तर पायाचा अ‍ॅक्सिलरेटर नसून सुकाणूखालच्या एका लहान दांडीने इंजिनास मिळणारा वायू कमीजास्त करीत. ती दांडी एका खाचेत ठेवली की तेथेच राही. परंतु त्याने गती स्थिर राहत नसे. दांडी तीच असता चढ लागला की गाडी मंदावे, आणि उतार लागला की धावत सुटे. खुंटी दार किती उघडे आहे एवढेच स्थिर ठेवते. गती स्थिर ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे.

हा भेद बारामती-इंदापूरच्या वाचकांस समजावून सांगण्यास दूर जाण्याचे कारण नाही. नीरा डावा कालवा त्यांच्या शेताशेजारूनच वाहतो. चारीच्या तोंडाशी दरवाजा एक वीत उचलून ठेवला, म्हणजे शेतात नेहमी सारखेच पाणी येईल असे कोणी शेतकरी मानणार नाही. कालव्याला फुगवटा असला की त्याच एका वितेतून पाणी लोटते, आणि वर कोणी पाणी ओढले की तेच दार उघडे असून पाटात धार उरते. पाणी सारखे ठेवायचे असेल तर कोणीतरी मोजपट्टीकडे पाहत राहिले पाहिजे : पाणी वाढले की दार थोडे खाली, उतरले की थोडे वर. हे काम पाटकरी करतो. जुनी हातदांडी म्हणजे एक वीत उचललेले दार. गतिधारक म्हणजे मोजपट्टीकडे अहोरात्र पाहणारा, न झोपणारा, न कंटाळणारा पाटकरी. मोजणे, ठरविलेल्या मानाशी ताडून पाहणे, आणि जे अंतर पडेल तेवढीच दुरुस्ती करणे, ह्या तीन क्रियांत त्याचे सर्व शास्त्र आले.

पाटकऱ्याचे काम यंत्राकडे सोपविण्याची कल्पनाही आपल्या पुणे जिल्ह्याला परकी नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसविण्यात आले. पुराचे पाणी ठराविक पातळीच्या वर चढू लागले की दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. तेथे पातळी धरून ठेवायची होती, येथे गती धरून ठेवायची आहे, तत्त्व एकच.

ज्या घरी पूर्वी गुऱ्हाळ चालत असे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस तर हे यंत्र कानांनीच ओळखता येईल. खडकीच्या किर्लोस्कर कारखान्याचे (ह्याची स्थापना १९४६ ची) किंवा साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे तेलाचे इंजिन चरकाला जोडलेले असे. चरकात उसाची मोठी मोळी सारली की इंजिनाचा आवाज क्षणभर दबे, आणि लगेच ते जोर करून पूर्वीच्या तालावर येई. ऊस संपला की ते पळू पाही, पण पळत नसे. तो ताल राखणारा लहानसा भाग म्हणजे 'गव्हर्नर'. त्यात दोन वजने फिरत असतात; गती वाढली की ती बाहेर फाकतात आणि इंधन कमी करतात, गती उतरली की आत मिटतात आणि इंधन वाढवितात. जेम्स वॅट ह्याने १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनास हीच युक्ती लावली, आणि त्याही आधी पवनचक्क्यांत तशा वजनांचा उपयोग होत असे. पुढे १८६८ साली क्लार्क मॅक्सवेल ह्या थोर शास्त्रज्ञाने ह्या गव्हर्नरांवर गणिती निबंध लिहून एक महत्त्वाची गोष्ट दाखविली : दुरुस्ती करणारा फार उतावीळ असेल तर तो गती स्थिर न ठेवता उलट तिला हेलकावे देऊ लागतो. जरा कमी झाले की फार वाढवितो, जरा वाढले की फार कमी करतो. संसारातही असे दुरुस्ती करणारे आपण पाहतोच.

आता मोटारीच्या गतिधारकाचा जनक कोण, ते सांगितले पाहिजे. कारण ती कथा घरातील मुलांना वाचून दाखविण्याजोगी आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या हेगर्सटाऊन ह्या लहान गावी १८९० साली राल्फ टीटर हा जन्मला. वयाच्या पाचव्या वर्षी चाकूच्या अपघाताने त्याची दृष्टी गेली. पुढे त्याने पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची यंत्रशास्त्राची पदवी १९१२ साली मिळविली, पहिल्या महायुद्धात आरमारी नौकांच्या टर्बाइनांची फिरती चक्रे समतोल करण्याच्या कामी स्पर्शज्ञानाच्या बळावर नाव मिळविले, आणि पुढे पिस्टनच्या कड्या करणाऱ्या 'परफेक्ट सर्कल' कंपनीचा तो अध्यक्षही झाला. त्याचा एक वकील मित्र मोटार हाकता हाकता बोलत असे. बोलू लागला की गाडी मंद होई, ऐकू लागला की वेगात जाई. शेजारी बसलेल्या डोळसाच्या हे ध्यानातही आले नसते. परंतु ज्याला रस्ता दिसत नव्हता त्या टीटरला प्रत्येक हिसका अंगाला जाणवे. त्यातच दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल व टायर वाचविण्यासाठी अमेरिकेत ताशी पस्तीस मैलांची मर्यादा घालण्यात आली. ह्या दोन्ही कारणांनी तो प्रयोगास लागला, आणि १९५० साली त्याला पेटंट मिळाले. त्याच्या त्या मूळ रचनेत ठरविलेल्या गतीला पोहोचताच अ‍ॅक्सिलरेटर पायाखाली जड होई, म्हणजे चालकाला पायानेच सूचना मिळे. गती आपोआप धरून ठेवण्याची सोय पुढे आली. स्वतः कधी मोटार न हाकू शकणाऱ्या माणसाने जगातील कोट्यवधी चालकांचा पाय हलका केला, ही गोष्ट नवल वाटण्यासारखी खरी, पण त्याहून अधिक विचार करण्यासारखी आहे. आपण पुढे तिच्याकडे पुन्हा येऊ.

हा गतिधारक बाजारात प्रथम आणला तो अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने, १९५८ च्या आपल्या उंची गाड्यांतून. ह्या क्रायस्लरचा इंदापूर तालुक्याशी एक दूरचा पण खरा संबंध आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथील माळरानावर ऊसशेती व साखर कारखाना उभारला. तेच आजचे वालचंदनगर. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली, आणि १९४७ साली तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने जुळविलेल्या मोटारी बाहेर पडू लागल्या. इटलीच्या फियाटशी तिचा करार त्यानंतरचा. वालचंद १९५३ साली निवर्तले. आमच्या पत्रलेखकांच्या दारातील फियाट त्यांनी घातलेल्या ह्या पायावरच उभी राहिली. तेव्हा आप्पांच्या गाडीला क्रायस्लरच्या घरचे लेणे घालावे की नाही हा प्रश्न अगदीच परका म्हणता येणार नाही.

ते लेणे अंगाला बसेल काय? बसेल, चिरंजीवांचे म्हणणे यंत्रशास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. जुन्या गाडीत बसविण्याजोगे तयार संच परदेशी मिळतात. त्यांत चार अंगे असतात. पहिले, गती मोजणारे : इंजिनाकडून मागील चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर लहान लोहचुंबक बसवितात आणि त्याशेजारी तारेचे एक वेटोळे, चुंबक जवळून गेला की वेटोळ्यात विजेचा ठोका उमटतो. चुंबक एकच लावला तर शाफ्टचा तोल जाऊन गाडी थरथरेल, म्हणून ते समोरासमोर जोडीने लावावे. दुसरे अंग विचार करणारे : ते ठोके मोजून ठरविलेल्या गतीशी ताडते. तिसरे अंग ओढणारे : कार्ब्युरेटरचा थ्रॉटल ते साखळीने किंवा तारेने ओढते, काही संचांत ही ओढ इंजिनाच्या शोषणाने मिळते, काहींत विजेच्या मोटारीने. चौथे अंग सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे सोडणारे : ब्रेकला पाय लागताच पकड सुटली पाहिजे.

साठ-सत्तर वर्षांच्या फियाटमध्ये प्रत्येक अंगाची एकेक अडचण आहे. शोषणावर चालणारा संच घेतला तर चढावर इंजिन पूर्ण उघडले की शोषण कमी होते, म्हणजे मदत हवी त्याच वेळी मदतनीस दमतो. त्यासाठी शोषण साठविणारी बंद डबी मध्ये घालावी लागते. विजेचा संच घेतला तर जुन्या डायनामोचा दाब कमीजास्त होतो, आणि ठिणगीच्या जुन्या पद्धतीमुळे तारांत खोटे ठोके उमटून यंत्राची फसगत होण्याचा संभव असतो. ह्या गाडीला हाताने बदलण्याचे गिअर आहेत. म्हणून ब्रेकप्रमाणेच क्लचलाही सोडणारे बटण हवे. ते नसेल तर क्लच दाबताच इंजिन मोकळे होईल, गाडी मंदावल्याचे पाहून यंत्र थ्रॉटल आणखी ओढील, आणि इंजिन किंचाळू लागेल. साखळी अशी जोडावी की ती थ्रॉटल ओढू शकेल, पण ढकलू किंवा अडवू शकणार नाही. थ्रॉटल मिटविणारी मूळची स्प्रिंग पन्नास वर्षांत थकलेली असते. तिच्या जोडीला दुसरी नवी स्प्रिंग घातल्याशिवाय ह्या कामाला हात घालूच नये. गतिधारक न धरणे हा दोष क्षम्य आहे. न सुटणे हा दोष अक्षम्य आहे. शिवाय ह्या मोटारीचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, ढोलाचे, एकाच तेलमार्गावर चालणारे. ज्या गाडीला थांबविणारे अंग म्हातारे आहे, तिच्या धावणाऱ्या अंगाला तरुण करण्यात शहाणपण किती, हेही पाहावे.

ह्यानंतर कायद्याची बाजू. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप राखलेल्या मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियम केले. अशा गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते आणि तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये व मुदत दहा वर्षांची आहे. परंतु अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज मोटारींची फेरी, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशाच कारणांपुरती ती हाकावी, असा नियम आहे. म्हणजे आप्पांनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविली तर मळ्याची आठवड्याची फेरी बंद, आणि गतिधारकाचे प्रयोजनही संपले. साधी नोंदणी ठेवली तर पाच-पाच वर्षांनी गाडीची तपासणी करून नूतनीकरण करीत राहावे लागते. आणि नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटारीत करण्यास कायद्याची मनाई आहे. गतिधारकाने इंजिनाचा क्रमांक, इंधन, बैठक ह्यांत फरक पडत नाही हे खरे. तथापि तार ओढण्यापूर्वी बारामतीच्याच परिवहन कार्यालयात लेखी विचारून घेणे बरे. विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर कळविण्याला अर्थ नसतो.

येथवर आम्ही चिरंजीवांच्या बाजूने चाललो. आता वहिनींच्या बाजूने त्या रस्त्यावरून एकदा जाऊन येऊ.

बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी ही वाटेवरची गावे. आषाढात तुकोबांची पालखी ह्याच वाटेने जाते आणि बेलवाडीला रिंगण होते. २०२१ साली ह्या पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली. रस्ता रुंद झाला की हाकणाऱ्याचा हातही सैल होतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. ह्याच वाटेवर भवानीनगरला साखर कारखाना आहे, आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की वाट उसाच्या वाहनांची होते. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, चाकांपलीकडे लोंबणारा ऊस, आणि त्यांच्या मधूनमधून ऊसतोडणी कामगारांच्या बैलगाड्या. मोळ्यांवर आई बसलेली, तिच्या कुशीत मूल, मागे ना दिवा ना लाल काच. संध्याकाळी ह्या गाड्या किती जवळ आल्यावर दिसतात हे त्या बाजूच्या लोकांस सांगणे नको.

ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. पाऊल अ‍ॅक्सिलरेटरवर असेल तर शेजारच्या ब्रेकवर येण्यास त्याला वेळ लागत नाही. तेच पाऊल गतिधारकाच्या भरवशावर मागे ओढून, दुखरा गुडघा पसरून ठेवलेले असेल, तर ते परत येण्यास अर्धा सेकंद जरी अधिक लागला, तरी तेवढ्यात मोटार आठ मीटर पुढे गेलेली असते. बैलजोडीसकट एक गाडी मावेल एवढे ते अंतर आहे. काही नव्या मोटारींत पुढील वाहन ओळखून आपोआप मंद होणारी योजना असते. जुन्या गाडीत बसविण्याच्या साध्या संचात ती नसते. त्याला गती कळते, रस्ता कळत नाही. टीटरला रस्ता दिसत नव्हता, पण शेजारी हाकणाऱ्याला दिसत होता, आणि त्या दुसऱ्याचे डोळे उघडे आहेत हे गृहीत धरूनच त्याने आपले यंत्र रचले. 'पाय मोकळा झाला की मनही मोकळे सुटते' असे वहिनी म्हणाल्या, त्यात यंत्राचे खरे मर्म आले आहे. मोकळ्या, दुभाजक असलेल्या लांब मार्गावर, दिवसा, वाहतूक विरळ असता गतिधारक उपकारक आहे. पायही वाचतो आणि इंधनाचीही काही बचत होते. जेथे दर पाच मिनिटांस गाव, फाटा, बैलगाडी व सायकलस्वार आहे, तेथे तो क्षणोक्षणी सोडावा आणि क्षणोक्षणी धरावा लागेल. मग पायाला विश्रांती कसली?

परंतु पत्र पुन्हा वाचता आम्हांस असे दिसले की ह्या दोन्ही पक्षांच्या वादाआड एक तिसरा प्रश्न उभा आहे, आणि तो घरात कोणीच उच्चारलेला नाही. गतिधारक उजव्या पायाचे एकच काम कमी करतो : पाय स्थिर धरण्याचे. जोराने ब्रेक दाबण्याचे काम तो कमी करीत नाही. जो गुडघा हलकासा अ‍ॅक्सिलरेटर धरून दुखतो, तो प्रसंग पडल्यास पूर्ण बळाने ब्रेक दाबील काय? दाबील, तर गतिधारकावाचून फारसे अडणार नाही. न दाबील, तर गतिधारक बसवूनही आप्पांनी रस्त्यावर जाणे योग्य नाही. कायद्यानेही पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो व प्रत्येक वेळी वैद्यकीय दाखला लागतो. पण दाखला हा कागद आहे. त्यामागील सत्य घरच्या माणसांनीच पाहावयाचे असते. वडीलधाऱ्यांना हे तोंडावर विचारणे कठीण, म्हणून ते यंत्राच्या निमित्ताने विचारले जाते. पुतण्याचे प्रेम यंत्र होऊन आले आणि वहिनींची काळजी विरोध होऊन आली, एवढाच दोघांत फरक.

ह्या सर्व विचारांती आम्ही पत्रलेखकांस तीन गोष्टी कळविल्या.

पहिली : संच मागविण्याआधी अ‍ॅक्सिलरेटरच तपासावा. जुन्या गाड्यांत पायापासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे सांधे धूळ व वाळलेले वंगण ह्यांनी जड होतात, आणि पाय त्या जडपणाशी झगडत असतो. सांधे रॉकेलने धुऊन ताजे वंगण द्यावे, झिजलेल्या कड्या बदलाव्यात, स्प्रिंग योग्य ताणाची घालावी. बैठकीची गादी खचली असेल तर ती उंच करावी, म्हणजे गुडघ्याचा कोन उघडतो. टाचेखाली लाकडाची लहान पाचर पक्की बसवावी. ती सुटून ब्रेकखाली येणार नाही ह्याची मात्र खात्री करावी. ह्यास खर्च थोडा आणि गाडीचे मूळ रूप जसेच्या तसे.

दुसरी : घराजवळच्या मोकळ्या मैदानात आप्पांनी स्वतः परीक्षा घ्यावी. गाडी ताशी तीस-चाळीसवर आणावी. शेजारी बसलेल्याने अकस्मात 'थांबा' म्हणावे. आणि गाडी कोठे थांबते तेथे खूण करावी. तसे तीनदा करावे. मग तीच परीक्षा घरातील एखाद्या तरुण चालकाने द्यावी. दोन खुणांतील अंतर किती, ते आप्पांनीच पावलांनी मोजावे. बाकीच्यांनी काही बोलू नये.

तिसरी : एवढे होऊनही गतिधारक हवाच असे ठरले, तर ब्रेक आधी, स्प्रिंग त्यानंतर, आणि गतिधारक सर्वांच्या शेवटी, व तो दिवसा, मोकळ्या मार्गावर, हंगामाबाहेरच वापरावा.

हे उत्तर जाऊन महिना झाला. परवा त्यांचे दुसरे पत्र आले. ते लहान आहे. सांधे धुतले तेव्हा त्यांतून निघालेला चिखल पाहून चिरंजीव लाजला, कारण गाडीची देखरेख त्याच्याकडेच होती. अ‍ॅक्सिलरेटर आता इतका हलका झाला आहे की पूर्वीचा जोर लावल्यास गाडी उडीच मारते. पायाचे दुखणे बरेच उतरले. मैदानातील परीक्षाही झाली. खुणा आप्पांनी मोजल्या, पण आकडा कोणास सांगितला नाही.

पुढच्या आठवड्यात मळ्यावर निघताना त्यांनी किल्ली सूनबाईंच्या हातात दिली. त्या इंदापूरला शिक्षिका आहेत व रोज त्याच वाटेने ये-जा करतात. आप्पा डावीकडच्या बैठकीवर बसले. वाटेत त्या पन्नासच्या वर गेल्या की ते नुसते खाकरतात, आणि गाडी पन्नासवर येते. वहिनी मागे बसलेल्या असतात. पत्राच्या शेवटी लेखक लिहितात की, संच मागविण्याचा विचार तूर्त स्थगित केला आहे. गतिधारक घरात होताच, तो फक्त दुसऱ्या बैठकीवर बसवावा लागला.